लिव्हिंग बुक्सवालं इतिहासाचं ख्रिस्ती पॅकेज : घ्या, पण अर्धंच घ्या

सलाम सगळ्यांना. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बऱ्याच आया विचारून राहिल्या की तुमच्याकडे ते मुलांना घरी इतिहास शिकवायचं अमेरिकेचं पॅकेज आहे ना, कसं आहे, घ्यावं का. दर रविवारी उपासना सुटल्यावर चपला घालता घालता अर्धवट उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. पॅकेजचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण खाली मी त्याला बरंच बोलणार आहे, आणि तसंही या जातीची पॅकेजं साधारण सारखीच असतात, एकाबद्दल वाचलं तर दुसरं निवडतानाही उपयोग होईल.

आम्ही भुसावळचे, रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. पूर्ण होमस्कूलिंग करत नाही, पोरं शाळेत जातात, मोठी सातवीत आणि धाकटा चौथीत, स्टेट बोर्ड. फक्त इतिहास आणि पवित्र शास्त्र हे दोन विषय आम्ही घरी नीट करतो, रात्री जेवणं झाल्यावर. मिस्टर रनिंग स्टाफमध्ये, त्यामुळे ते असतील तर असतील. सासूबाई मात्र कायम असतात, त्या दोंडाईचाकडच्या, अहिराणीशिवाय बोलत नाहीत, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या इतिहासाच्या क्लासमधली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी त्याच आहेत.

तर पॅकेजमध्ये येतं काय. चार वर्षांचा फेरा असतो. पहिल्या वर्षी उत्पत्तीपासून येशूच्या काळापर्यंत, दुसऱ्या वर्षी सुरुवातीची मंडळी आणि मध्ययुग, तिसऱ्या वर्षी धर्मसुधारणा, समुद्रप्रवास वगैरे, चौथ्या वर्षी आधुनिक काळ. प्रत्येक वर्षाला एक मुख्य पुस्तक, आईसाठी एक गाइड, वाचायच्या गोष्टीच्या पुस्तकांची लांबलचक यादी, नकाशे, आणि टाइमलाइनवर चिकटवायची चित्रं. पीडीएफ घेतली तर एका वर्षाची चारेक हजाराच्या घरात पडते, छापील मागवली तर पोस्टेज आणि कस्टम मिळून पुस्तकापेक्षा वरचा खर्च जास्त. आम्ही पीडीएफ घेऊन जळगावला गोलाणी मार्केटमध्ये प्रिंट मारून स्पायरल केलं. रंगीत प्रिंटच्या भानगडीत पडू नका, काही अडत नाही.

आता लिव्हिंग बुक्स म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. शार्लट मेसन नावाच्या एक इंग्लिश बाई होत्या, १८४२ चा जन्म, १९२३ ला गेल्या. इंग्लंडच्या डोंगराळ भागात अँबलसाइडला १८९२ मध्ये त्यांनी मुलांना शिकवणाऱ्या बायकांसाठी ट्रेनिंगची संस्था काढली. त्यांच्या आधीपासून आया घरीच मुलांना शिकवत होत्या, या बाईंनी कसं शिकवावं त्याची एक नीट पद्धत सांगितली. त्यांचं म्हणणं असं की मुलाला माहितीचा भुगा देऊ नका, ज्या माणसाला त्या विषयाचं वेड आहे अशा एका माणसाने जीव ओतून लिहिलेलं पुस्तक द्या, त्यात माणसं दिसली पाहिजेत, ती बोलली पाहिजेत, चुकली पाहिजेत. धडा छोटा, लहानांना पंधरा-वीस मिनिटं बस. एकदाच वाचायचं, परत वाचायचं नाही, आणि वाचून झालं की पुस्तक मिटून मुलाने आपल्या शब्दांत सगळं सांगायचं. प्रश्नोत्तरं नाहीत, रिकाम्या जागा भरा नाहीत, जोड्या लावा नाहीत. सांगताना मूल काय धरतं, काय सोडतं, त्यावरून आईला आपोआप कळतं. दहा वर्षांच्या पुढे मग हेच लिहूनही घ्यायचं. आणि एक वही, जिच्यात प्रत्येक शतकाला पान असतं, मूल वाचेल तसं त्यात भरत जातं.

ही पद्धत शंभर टक्के चालते. यावर मी वाद घालणार नाही. आमचा धाकटा शाळेत इतिहासात "थोडक्यात उत्तरे लिहा" टाइप प्रश्न दिसला की जांभया देतो, पण घरी कार्थेजच्या पर्पेतुआची गोष्ट वाचली, इसवी सन २०३, तान्हं बाळ पदरात असलेली तरणी पोरगी, बाप तुरुंगात येऊन हातापाया पडतो की बाई, सम्राटासाठी चिमूटभर धूप टाक आणि घरी चल, आणि ती नाही म्हणते, तेव्हा पोराने जे सांगितलं ते ऐकून मी गप्पच झाले. त्याने पर्पेतुआपेक्षा तिच्या बापाबद्दल जास्त सांगितलं. गाइडमध्ये त्या बापाबद्दल एक ओळ नव्हती. चांगल्या पुस्तकाचा फायदा हाच, मूल कुठून आत शिरेल ते आपल्याला ठरवता येत नाही.

मुख्य पुस्तकाची भाषा चांगली आहे हेही सांगते. वाक्यं छोटी, मी वाचता वाचता मराठीत सांगत जाते आणि फारसं अडत नाही. पुरातन काळात बायबलमधल्या घटना आणि बाकी जगातल्या घटना एकाच ओळीत लावल्यात, हे मला सगळ्यात आवडलं. संडे स्कूलमध्ये आपण दानिएल, एस्तेर, नहेम्या शिकतो ते जणू वेगळ्याच जगात घडलं असं शिकतो, पण इथे मोठीला एकदम लक्षात आलं की नबुखद्नेस्सर हा इतिहासाच्या पुस्तकातलाच राजा आहे, कोरेश म्हणजे इराणचा तोच सायरस, आणि एस्तेरच्या गोष्टीतला अहश्वेरोश राजा म्हणजे ग्रीसवर चाल करून जाणारा झर्क्सिस असं बहुतेक विद्वान मानतात. मग तिने नकाशावर शूशन शोधलं. इथवर पैसे वसूल.

आता बोलायचं ते बोलते.

पहिली तक्रार, प्रत्येक धड्याच्या शेवटी एक चौकट असते, "यातून देव आपल्याला काय शिकवतो". प्रत्येक म्हणजे प्रत्येक. हम्मुराबीचा कायदा झाला, देव आपल्याला काय शिकवतो. चीनची भिंत झाली, देव आपल्याला काय शिकवतो. भरताच्या वांग्यावर साखर पेरल्यासारखं होतं ते. आणि गंमत म्हणजे कव्हरवर शार्लट मेसनचं नाव मोठ्या अक्षरात, आणि त्या बाई स्वतः म्हणायच्या की गोष्टीच्या शेवटी बोध काढून मुलाच्या हातात देऊ नका, गोष्ट आपलं काम करते, मधे मधे लुडबुड करू नका. बायबलसुद्धा त्या थेट वाचून दाखवायला सांगायच्या, आपल्या शब्दांत पातळ करून नाही. म्हणजे नाव त्यांचं आणि काम बरोब्बर उलटं. मी त्या चौकटींवर चिकटपट्टी लावली, खरंच लावली, कारण मोठी वाचता वाचता आधी तिकडे डोळा टाकायची आणि मग सांगताना तेच बोलून मोकळी व्हायची, "यातून आपण शिकतो की..." झालं, संपलं, डोकं बंद.

मला वाटतं आपल्याकडे ख्रिस्ती दृष्टिकोन म्हणजे काय यातच गडबड आहे. बऱ्याच जणांना वाटतं ख्रिस्ती दृष्टिकोन म्हणजे आपल्या माणसांची बाजू घ्यायची, ख्रिस्ती राजा असला की चांगला, मिशनरी असला की देवदूत. पण आपलं पवित्र शास्त्र असं करतं का हो? दावीद राजाने उरीयाच्या बायकोबद्दल जे केलं ते २ शमुवेलमध्ये सरळ लिहून ठेवलंय, नाथान संदेष्टा तोंडावर सांगतो की तो माणूस तूच. राजांच्या पुस्तकांत एकामागून एक राजा येतो आणि बहुतेकांच्या नावापुढे हेच की परमेश्वराच्या दृष्टीने जे वाईट ते त्याने केले, आणि हे सगळे आपलेच राजे, परके नाहीत. इतिहास असा लिहायचा असतो. या पॅकेजमध्ये पहिल्या क्रूसयुद्धात १०९९ साली जेरुसलेम घेतल्यावर तिथल्या मुसलमान आणि यहुदी लोकांची कत्तल झाली त्याला अर्धं वाक्य, आणि पुढे लगेच शूर सरदारांची दोन पानं. गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे लोकांना धर्मविरोधी ठरवून खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, १५६० ते १८१२, आपल्या इतक्या जवळची गोष्ट, ती नाहीच. मी वेगळी सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "आपला लोकेसनी कयं का?" मी म्हटलं हो, आपल्याच लोकांनी.

दुसरी गोष्ट तारखांची. पहिल्या वर्षाच्या टाइमलाइनवर जगाची निर्मिती इसवी सनपूर्व ४००४ अशी छापलीय, खाली जलप्रलयाचं सालसुद्धा. ही तारीख बायबलमध्ये कुठेही नाही, जेम्स अशर नावाच्या आयर्लंडच्या आर्चबिशपने १६५० साली वंशावळ्या मोजून काढलेली आहे. ज्यांना ती पटते त्यांनी ठेवावी, मी भांडत नाही, आमच्या मंडळीतही दोन्ही मतांची माणसं आहेत. पण आपल्या पोरांची अडचण वेगळी आहे. चाळीसगावजवळ पाटणे म्हणून गाव आहे, तिथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्यात तेव्हा शहामृग होते आणि त्याच्या अंड्याचे मणी करून घालणारी माणसं होती. हे मी पोरांना सांगितल्यावर धाकटा दोन दिवस दुसरं बोलला नाही, शहामृग भुसावळलापण असतील का एवढंच. आता मी त्याला काय सांगू, पुस्तकात जग सहा हजार वर्षांचंच आहे म्हणून ते मणी नाहीत? आम्ही उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातून कोणी केलं ते शिकतो, सालं वहीत लिहीत नाही. शतकांच्या वहीचं पहिलं पान कोरं सोडलंय आणि पुढच्या पानावर पाटण्याचे मणी काढलेत. तुमचं वेगळं असेल तर वेगळं करा, पण टाइमलाइनचे स्टिकर डोळे मिटून चिकटवू नका एवढंच.

तिसरी आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे भारत. चार वर्षांत भारत किती येतो सांगते, सिंधू संस्कृतीचा एक धडा, अशोक, ताजमहाल, मग एकदम इंग्लिश मिशनरी विल्यम केरी आणि शेवटी गांधीजी. संपला भारत. आणि ख्रिस्ती भारत तर १७९३ ला केरी बंगालमध्ये उतरला तिथूनच सुरू होतो. अहो, केरळचे ख्रिस्ती लोक आपली मंडळी इसवी सन ५२ पासून सांगतात, थोमा प्रेषिताची परंपरा आहे त्यांची, ती परंपरा म्हणून तरी सांगा. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा व्यापारी लिहून गेलाय की कल्याणात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणहून नेमला जातो, हे कल्याण म्हणजे आपलं मुंबईजवळचं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आले आणि १६१६ ला त्यांचं क्रिस्तपुराण, म्हणजे ओव्यांतली येशूची कथा, छापलं गेलं, अकरा हजाराच्या आसपास ओव्या, मराठीत, केरीच्या पावणेदोनशे वर्षं आधी. पॅकेजमध्ये याचा पत्ता नाही. आणि केरीच्या धड्यात असा सूर आहे की त्यांनी एकट्याने सती बंद केली. मोठीने सांगताना तेच सांगितलं. केरी त्याविरुद्ध लढले हे खरंच आहे, पण राममोहन रॉय यांचं नावच नको का, आणि १८२९ चा कायदा गव्हर्नर जनरल बेंटिंकने केला तेही? उलट केरींचं जे आपल्या कामाचं आहे ते नाही दिलं, १८०५ साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं आणि त्यात वैजनाथ पंडितांची मदत होती. बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून मराठीचं व्याकरण! पोरांना हे ऐकून हसू आलं आणि मग खूप आवडलं.

यादीतल्या जुन्या पुस्तकांबद्दल पण सावध करते. यादीत १९०० च्या आसपासची भरपूर इंग्लिश पुस्तकं असतात, हक्क संपलेत म्हणून नेटवर फुकट मिळतात, आणि लिहिलेली अप्रतिम असतात यात वाद नाही. पण ती साम्राज्याच्या काळातली आहेत. १८५७ आलं की कानपूरला इंग्रज बायका-मुलं मारली गेली ते पानभर, आणि नंतर इंग्रजांनी गावंच्या गावं जाळली, झाडांना माणसं लटकवली, त्याबद्दल चकार शब्द नाही. लिव्हिंग बुक आहे म्हणून खरं आहे असं नसतं. जितकं चांगलं लिहिलेलं, तितकं खोटंही जिवंत होऊन घरात बसतं. मी अशा पुस्तकांचे निवडक धडेच वाचते आणि जोडीला दुसरं काहीतरी ठेवते.

जोडीला ठेवण्यावरून आठवलं, आमच्या वर्षभरातला सगळ्यात भारी धडा पॅकेजमध्ये नव्हताच, तो असीरगडचा होता. आपल्याकडे कोणालाही विचारा, खान्देशचा इतिहास सांग, तर शिवाजी महाराजांच्या सुरतेच्या वाटेपलीकडे काही येत नाही. आणि दोनशे वर्षं इथे फारुकी राजे होते, आधी थाळनेर, मग बुऱ्हाणपूर. भुसावळहून बुऱ्हाणपूर रेल्वेने तासाभरावर, तिथून असीरगड वीसेक किलोमीटर. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, फारुकी राजानेच कोरवलेला, तो बघून मोठीने विचारलं की मग मशीद कोणाची. असो. तर अकबराने असीरगडला वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. आणि त्या वेढ्यात अकबराच्या छावणीत एक जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या येशूसंघाचे, पाद्री होते, जेरोम झेवियर. म्हणजे खान्देशचं राज्य बुडताना बघणारा एक ख्रिस्ती साक्षीदार तिथे हजर होता!

आणि इथेच मजा आहे. अकबराच्या दरबारचा इतिहास म्हणतो गडावर रोगराई पसरली, लोक मरायला लागले, म्हणून गड आला. जेझुइट वृत्तांत म्हणतो की अकबराने शपथ घेऊन राजाला बोलणी करायला खाली बोलावलं आणि अडकवून ठेवलं, आणि मग आतल्या लोकांना पैसे चारून गड घेतला. मी दोन्ही सांगितलं आणि पोरांना म्हटलं आता सांगा. धाकटा लगेच, पाद्रीच खरं बोलणार, ते पाद्री आहेत ना. मग मी पुढची गोष्ट सांगितली, अकबराने झेवियरना म्हटलं होतं की तुमच्या पोर्तुगिजांकडून मला तोफा आणून द्या, आणि त्यांनी नकार दिला की हे आमच्या धर्मात बसत नाही. पण इतिहासकार दाखवून देतात की पोर्तुगिजांची फारुकी राजाशी दोस्ती होती, गडावर काही पोर्तुगीज माणसंसुद्धा होती. म्हणजे धर्माचं कारण खरं, की दोस्तीचं, की दोन्ही? मोठी बराच वेळ विचार करून म्हणाली, मग त्यांनी अकबराबद्दल वाईट लिहिलं तेपण त्या दोस्तीमुळे असू शकतं. इतिहासकार आजही यावर एकमताचे नाहीत, आणि माझी सातवीतली पोरगी त्या वादात जेवणाच्या ताटावर बसून पोचली. मिस्टर त्या दिवशी घरी होते, ते पण बसले ऐकत, भजी गार झाली.

हे पॅकेज तुम्हाला असं कधीच देणार नाही, कारण ते तिकडच्या पोरांसाठी आहे, त्यात त्यांची चूक पण नाही. शार्लट मेसन बाईंचं तर म्हणणं होतं की मुलाचा इतिहास स्वतःच्या देशापासून सुरू करा, आणि लहान वयात सगळं जग पळवत दाखवण्यापेक्षा एकाच माणसात, एकाच काळात त्याला रमू द्या. तुम्ही विचार करा, महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांना इतिहासाचं कोणतं पुस्तक आठवतं? चौथीचं शिवछत्रपतींचं. का, तर एक माणूस, एक काळ, गोष्टीसारखं सांगितलेलं. बाकी पाचवी ते दहावीचं कोणाला आठवतं सांगा. म्हणजे आपल्या बोर्डानेच नकळत हे करून दाखवलंय आणि आपण मेसोपोटेमियापासून सुरुवात करायला डॉलर मोजतोय. धाकट्याला मी यावर्षी शाळेतलंच ते पुस्तक घरी वाचून दाखवते, आमच्या पद्धतीने, प्रश्न न विचारता.

मग आमच्या घरच्या यादीत काय आलं. स्मृतिचित्रे सगळ्यात वर. लक्ष्मीबाई टिळकांना लहानपणी शाळा नाही, लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या, नवरा १८९५ ला ख्रिस्ती झाला, या मागे राहिल्या, पाच वर्षांनी १९०० ला स्वतः निर्णय घेऊन बाप्तिस्मा घेतला. मेसन बाईंनी जे जे सांगितलंय ते सगळं यात आहे, आणि वर विनोद इतका की वडिलांच्या सोवळ्याचे किस्से वाचताना पोरं लोळतात. कोणतीही बाजू न झाकता लिहिलंय, नारायणराव टिळक केवढे मोठे कवी आणि घरात किती लहरी, दोन्ही. उपासना संगीतातली टिळकांची भजनं पोरं लहानपणापासून म्हणतात, पण ती लिहिणारा माणूस घरात पैसा टिकू देत नव्हता हे वाचून त्यांना तो जास्त आवडायला लागला. पुस्तक छापील सहज मिळतं, हक्क संपल्यामुळे नेटवरही आहे. सहावीच्या खालच्यांना तुम्ही निवडून वाचून दाखवा, भाषा जुनी आहे.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचं लहानपण म्हणजे आई-वडिलांबरोबर पायी तीर्थयात्रा, देशभर, आणि दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील दोघं गेले. १८७८ ला कलकत्त्याला पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं, वय वीस. १८८९ ला मुंबईत शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल, छापखान्याचं काम मिशनमधल्याच मुली करायच्या. वडील अनंतशास्त्रींनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मसभेपुढे उत्तर द्यावं लागलं, हा भाग वाचला तेव्हा मी पोरांना विचारायच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, "बायकोले शिकाडं म्हनीसन जाब इचारतस, वा रे पंडित!" याच्यापेक्षा चांगलं कोणी सांगेल का? तेव्हापासून त्यांचा नंबर पहिला लागतो सांगायला, अहिराणीत, आणि पोरं त्यांच्या मागून सांगतात. शारदा सदनावर केसरीने किती टीका केली तेही सांगा, आणि टीका करणारे लोकमान्य होते तेही सांगा, त्यांच्या मनात काय भीती होती तेही सांगा. पोरांना दोन्ही बाजू पेलतात.

सिंथिया फरार यांच्यावर मुलांसाठी मराठीत चांगलं काही मला मिळालं नाही, नाहीतर १८२७ ला एकटी आलेली ही अमेरिकन बाई, मुंबई आणि नगरला मुलींच्या शाळा चालवणारी, जिच्या नगरच्या शाळेचा संबंध पुढे थेट जोतिराव-सावित्रीबाईंपर्यंत पोचतो, तिच्यावर एक झकास पुस्तक व्हायला हवं. कोणाला लिहिता येत असेल तर लिहा हो.

खान्देशातलं म्हणाल तर नंदुरबारचा शिरीषकुमार, ९ सप्टेंबर १९४२ ला इंग्रजांच्या गोळीबारात गेलेला शाळकरी पोरगा, आणि धुळ्याचा तुरुंग, जिथे १९३२ ला विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी लिहून घेतलं. काही जण म्हणतील गीता कशाला ख्रिस्ती घरात. इतिहास आहे तो आपल्या गावचा, आणि स्वतःचं काही न मिसळता दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवणं हे तर आपल्या सांगण्याच्या पद्धतीचं सगळ्यात मोठं उदाहरण. 

वेळ किती जातो, हा प्रश्न सगळ्या विचारतात. रोज वीस मिनिटं वाचन, दहा मिनिटं सांगणं, बस. गाइडमधल्या अॅक्टिव्हिटी, म्हणजे पिरॅमिड कर, ममी कर, रोमन ढाल कर, त्या आम्ही सोडून दिल्या, पुठ्ठा आणि फेव्हिकॉल वाया जातो आणि पोरांना शेवटी फेव्हिकॉलच आठवतो. परीक्षेवर परिणाम विचाराल तर शाळेतले मार्क फार वाढले नाहीत, कारण तिथे विचारतात वेगळं. थोडक्यात उत्तरे लिहा मध्ये मोठी दीड पान लिहून येते आणि बाई "मुद्देसूद लिहा" असा शेरा मारतात. त्या बाईंचंही बरोबर आहे, चाळीस वह्या तपासायच्या असतात. ज्या घरांत पूर्ण होमस्कूलिंग आहे त्यांना पुढे एनआयओएसची, म्हणजे मुक्त शाळेच्या बोर्डाची, परीक्षा असतेच, त्यांनी या एकट्या पॅकेजवर भागवू नये, भारताचा भाग वेगळा भरावाच लागेल.

मुलांना इंग्लिश अजिबात समजत नसेल आणि तुम्हालाही वाचता वाचता मराठीत सांगायचा कंटाळा असेल तर हे पॅकेज घेऊच नका, सरळ स्मृतिचित्रे आणि पवित्र शास्त्र घेऊन बसा, वर्ष निघतं. घ्यायचंच असेल तर फक्त पहिल्या दोन वर्षांचं मुख्य पुस्तक आणि नकाशे घ्या, ते खरंच चांगले आहेत. टाइमलाइनचे स्टिकर नको, शंभर पानी वही चालते. आईचं गाइड नको, ते वाचून आईच घाबरते. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं आम्ही पुढे वापरणार नाही आहोत. आमच्याकडची पहिल्या वर्षाची स्पायरल प्रत सध्या नुसती पडून आहे, ज्यांना चाळून बघायची असेल त्यांनी रविवारी मागा, फक्त चिकटपट्ट्या काढू नका.